हेडलाइटची पिवळी पडलेली काच घरी साफ करताना: पेपरपासून कोटिंगपर्यंत

पिवळ्या हेडलाइटच्या गाडीतून रात्री जाताना खड्डा दिसतो, पण चाक त्यात गेल्यावर. मग बल्ब बदलून होतो, जास्त वॅटचा टाकून होतो, फॉग लॅम्पही बसवून होतात आणि शेवटी लक्ष जातं काचेकडे. खरं तर ती काच नसतेच. ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनीच्या गोल दिव्यांवर खरी काच होती आणि ती पिवळी पडत नव्हती. आजच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. हलकं, खडा उडाला तरी सहसा न फुटणारं, पण ऊन न सोसणारं. म्हणून कारखान्यातच त्यावर अतिनील किरण अडवणारा एक पातळ, कडक थर चढवलेला असतो. गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहिली की तो थर झिजतो, त्याला सूक्ष्म भेगा जातात आणि खालचं प्लास्टिक पिवळं पडू लागतं. आपण सवयीने काच म्हणतो, तर पुढेही काचच म्हणू.

काम तीन भागांचं आहे. मेलेला थर पेपर (सँडपेपर) मारून काढायचा, खालचं प्लास्टिक गुळगुळीत करायचं आणि वर नवा थर द्यायचा. पहिले दोन भाग सगळे हौसेने करतात. काच चमकली की फोटो काढतात आणि तिसरा भाग राहून जातो. थर काढलेली उघडी काच आधीपेक्षा लवकर पिवळी होते. त्यामुळे नवा थर द्यायचा नसेल तर पेपर हातात घेऊच नका.

१. दोष बाहेर आहे की आत, ते आधी बघा

काच धुवून वाळवा आणि मग तिच्यावर मगभर पाणी ओता. काच ओली असताना धूसरपणा जवळजवळ नाहीसा झाला आणि वाळताना परत आला, तर दोष वरच्या पृष्ठभागाचा आहे. तो घरी निघेल. ओल्या काचेतूनही तसंच धुरकट दिसत असेल, तर पुढच्यापैकी एक कारण असतं:

- आत दव धरलंय. मागचं रबरी झाकण नीट बसलेलं नाही किंवा दिव्याचा जोड सुटलाय. बाहेरून कितीही घासलं तरी उपयोग शून्य.
- काचेच्या अंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत. बल्बची उष्णता किंवा थिनर-पेट्रोलचा हात यामुळे त्या पडतात. वरवरच्या असतील तर कमी होतात, खोल असतील तर राहतात.
- आतला चंदेरी रिफ्लेक्टर काळवंडलाय. काच थोडीफार पारदर्शक असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून दिसतं. नाहीतर बल्ब काढून मागच्या भोकातून बघा. रिफ्लेक्टर जळालेला असेल तर पूर्ण दिवाच बदलावा लागतो.

ही शेवटची अवस्था बरेचदा हातानेच आणलेली असते. एच-फोर जातीचा बल्ब मूळचा ६०/५५ वॅटचा, म्हणजे हाय बीमला ६० आणि लो बीमला ५५. काच पिवळी झाली म्हणून १००/९० चा टाकला की उजेड फारसा वाढत नाही. होल्डर, वायरिंग आणि रिफ्लेक्टर मात्र भाजतात.

काच प्लास्टिकची आहे ना, याबद्दल शंका असेल तर नखाने टिचकी मारा. आवाज बद्द येतो. बऱ्याच दिव्यांवर कडेला बारीक ठशात रोमन लिपीत ‘पीसी’ अशी अक्षरंही असतात, ती पॉलिकार्बोनेटची.

२. वर काय लावणार, ते पेपर मारण्याआधी ठरवा

हा क्रम उलटा वाटेल, पण पेपर कुठे थांबवायचा ते यावर अवलंबून आहे.

सीलंट किंवा वॅक्स: सर्वात सोपं आणि सर्वात कमी टिकणारं. महिन्या-दोन महिन्यांनी परत लावायची शिस्त असेल तरच घ्या.

पुसून लावायचं यूव्ही (अतिनील किरण अडवणारं) कोटिंग: हेडलाइटच्या किटमध्ये छोटी बाटली किंवा ओला रुमाल येतो, ते हे. पहिल्यांदा करणाऱ्यासाठी हेच बरं. सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीवर बऱ्यापैकी टिकतं.

पीपीएफ, म्हणजे पारदर्शक फिल्म: चांगली फिल्म ऊनही अडवते आणि खडेही झेलते. सपाटसर दिव्यावर घरी लागते. फेंडरपर्यंत वळत गेलेल्या लांबट दिव्यावर कोपऱ्यात सुरकुत्या पडतात, ते काम दुकानातून करून घ्या.

टू-के क्लिअर: गाडीच्या रंगावर मारतात तेच, क्लिअर आणि हार्डनर मिसळून. टिकाऊपणात बाकी कोणी याच्या जवळ येत नाही. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. श्वासावाटे ते आत जाणं घातक आहे आणि कापडी किंवा साधा कागदी मास्क त्याला अडवत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्प्रेचा डबा घेऊन हा प्रयोग करू नका. पेपरचं काम घरी करा आणि क्लिअर ओळखीच्या पेंटरकडून मारून घ्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं, दुसऱ्या गाडीला क्लिअर मारताना तो तुमचंही उरकतो.

आता मुख्य फरक. पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. पहिल्या तीन पर्यायांत ३००० नंबरपर्यंत जायचं आणि कंपाऊंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट, मारायचं. टू-के मारणार असाल तर १००० नंबरवर थांबायचं आणि कंपाऊंडला हातही लावायचा नाही. काच चकचकीत केली तर क्लिअरला धरायला खडबडीत पृष्ठभाग मिळत नाही आणि तो पापुद्र्यासारखा सुटतो. १००० चे ओरखडे क्लिअर स्वतःच भरून काढतो. पेंटरला एकदा विचारून घ्या, काही जण ८०० वरच थांबा म्हणतात.

३. सामान

दोन दिव्यांसाठी एवढं पुरतं:

- वॉटर पेपर ८००, १०००, १५०० आणि २००० नंबर, प्रत्येकी एक पूर्ण कागद
- ३००० नंबरचा एक कागद किंवा फोमची चकती
- एक इंची मास्किंग टेपचा गुंडाळा
- दोन बादल्या आणि फवारणीची एक बाटली
- कार शाम्पू
- मायक्रोफायबरचे पाच-सहा फडके
- रबिंग कंपाऊंड आणि त्याहून बारीक फिनिशिंग पॉलिश, प्रत्येकी छोटी डबी
- आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली
- पातळ रबरी हातमोजे
- कोटिंग, जे ठरवलं असेल ते

गाडीच्या रंगांच्या दुकानात हे सगळं एकत्र मिळतं. हार्डवेअरच्या दुकानात लाकडाचा कोरडा पॉलिश पेपर माथी मारतात, तो पाण्यात विरघळतो. काळपट करड्या रंगाचा वॉटर पेपरच हवा. किट घेणार असाल तर आत यूव्ही कोटिंग आहे की नाही ते आधी वाचा. नुसते पेपर आणि पॉलिश असलेलं किट म्हणजे अर्धं काम.

पेपर धरायला ठोकळा लागतो. रबरी ब्लॉक मिळतो, नाहीतर जुन्या हवाई चपलेचा तीन बोटं रुंद तुकडा उत्तम चालतो. काचेच्या गोलाईबरोबर तो वाकतो. नुसत्या बोटांनी पेपर दाबला तर बोटांखालीच जास्त घासलं जातं आणि नंतर उजेडात पन्हळी दिसतात.

प्रत्येक कागदाचे चार तुकडे करा. ओला झाला की मागचा नंबर वाचता येत नाही, म्हणून कोपऱ्याला कात्रीने खाचा द्या: ८०० ला एक, १००० ला दोन, १५०० ला तीन, असं. मधेच नंबर चुकला तर पुन्हा पहिल्यापासून घासावं लागतं.

४. दिवस आणि जागा

सावली हवी. तळपत्या उन्हात साबणपाणी वाळतं, कंपाऊंड चिकटतं आणि कोटिंग पसरण्याआधी सुकतं. सकाळी सुरू करा. पहिल्या खेपेला दोन्ही दिव्यांना मिळून तीन-चार तास धरा.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. दमट हवेत कोटिंगवर पांढुरका धुरळा बसल्यासारखं दिसतं आणि ते नीट कडकही होत नाही. शिवाय पुढचे २४ तास काच कोरडी ठेवायची असते, ती पावसाळ्यात कशी ठेवणार?

५. धुणं आणि टेप

दिवे बंद, थंड. शाम्पूने काच धुवा. कडेच्या फटीतली माती जुन्या टूथब्रशने काढा, कारण मातीचा एक कण पेपरखाली आला की खोल चरा पडतो. पाण्याचा जोरदार फवारा मागच्या वायरिंगवर जाऊ देऊ नका.

बोनेट उघडा. काचेची वरची कड बोनेटखाली जाते आणि सर्वात जास्त पिवळी तीच असते. बोनेट मिटून काम केलं की वर एक पिवळी भुवई राहते.

आता बंपर, फेंडर आणि ग्रिलच्या कडेला टेप लावा. एक नाही, तीन थर. बंपरच्या कडेला रंग अगदी पातळ असतो. पेपरची दोन-चार घसरणं झाली की टेप फाटतो आणि आणखी दोन-चारांत खालचं प्रायमर दिसतं. टेपवर लक्ष ठेवा, झिजला की लगेच बदला.

६. पेपर मारणं

सगळे पेपर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजत ठेवा, पाण्यात शाम्पूचे चार-पाच थेंब टाका.

सुरुवात कोणत्या नंबरने? काच नुसती धुरकट असेल तर १००० ने. पिवळा थर जाड असेल किंवा सालपटं निघत असतील तर ८०० ने. आधी कोपऱ्यात दोन इंचाचा तुकडा घासून बघा. १००० ने पिवळेपणा हलत नसेल तरच खाली उतरा. घासून टाकलेलं प्लास्टिक परत येत नाही.

पहिला पेपर आडवा मारा, डावीकडून उजवीकडे, सरळ रेषेत. गोल गोल फिरवू नका. दाब हलका, पाणी भरपूर. काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघा. जुना थर निघत असतो तेव्हा ते पिवळसर, ताकासारखं गढूळ येतं. थर संपला की पांढरं येऊ लागतं.

पण पाण्यावर सगळा भरवसा ठेवू नका. मधेच पुसून काच पूर्ण कोरडी करा आणि तिरपं बघा. जुना थर उरला असेल तर खडबडीत काचेवर त्याची गुळगुळीत, चमकती बेटं दिसतात. नकाशासारखी त्यांची कडही दिसते. ती बेटं जाईपर्यंत पुढच्या नंबरला जायचं नाही. सर्वात जास्त चुकतं ते इथे. लोक घाईने २००० वर जातात, कंपाऊंड मारतात आणि मग काचेवर डाग कसले म्हणून विचारत बसतात. ते डाग म्हणजे हीच बेटं.

या टप्प्यावर काच बाथरूमच्या खिडकीसारखी दिसते, आधीपेक्षाही वाईट. घाबरायचं कारण नाही, ती अशीच दिसायला हवी. सगळीकडे सारखी मंद, पांढरी.

पुढचा पेपर उभा मारा, त्याच्या पुढचा परत आडवा. असं केलं की आधीच्या नंबरचे ओरखडे उरलेत का ते लगेच कळतं: १००० उभा मारल्यावर एकही आडवी रेघ दिसता कामा नये. दिसली तर अजून मारा. एका दिव्याला प्रत्येक नंबर चार-पाच मिनिटं लागतो. पहिल्या नंबरला त्याच्या दुप्पटही लागेल.

नंबर बदलताना काच, ठोकळा आणि हात धुवा, पाणी बदला. ८०० चा एक कण २००० खाली सापडला की त्याची रेघ शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. आणि नंबर गाळू नका. ८०० चे ओरखडे २००० ने निघत नाहीत. त्यांच्या कडा तेवढ्या बोथट होतात आणि पॉलिश झाल्यावर समोरच्या गाडीच्या उजेडात चमकतात.

३००० मारून झाल्यावर काच धूसरच असते, पण ओली केली की स्वच्छ आरपार दिसतं.

७. कंपाऊंड

काच आणि टेप कोरडे करा. फडक्यावर वाटाण्याएवढं कंपाऊंड घ्या, तळहाताएवढ्या भागावर दाब देऊन मारा, मग पुढच्या भागावर. हाताने एका दिव्याला आठ-दहा मिनिटं. मग स्वच्छ फडक्याने फिनिशिंग पॉलिश.

ड्रिलला तीन इंची फोम पॅड लावून काम लवकर होतं, पण वेग मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांच्या वर नको आणि पॅड एका जागी थांबायला नको. प्लास्टिक तापलं की मऊ पडतं आणि पॅडच्या आकाराचा ओघळ उमटतो. तो निघत नाही. दर अर्ध्या मिनिटाने हाताची पालथी बाजू लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर थांबा. कंपाऊंड वाळून भुकटी उडू लागली तर पाण्याचा एक फवारा मारा.

ग्राइंडरला पॅड लावून बघू नका. त्याचा वेग पॉलिशसाठी नसतो.

८. तेल काढणं आणि कोटिंग

कंपाऊंडमध्ये तेलकट घटक असतात. ते ओरखड्यांत भरून बसतात, म्हणून काच असते त्याहून छान दिसते. अल्कोहोलमध्ये तेवढंच पाणी मिसळा आणि नव्या फडक्याने काच दोनदा पुसा. काचेचं खरं रूप आता दिसेल. ओरखडे वर आले असतील तर २००० पासून परत. कोटिंगखाली गेल्यावर ते काढायचे म्हणजे सगळंच उकरायचं.

पुसल्यावर काचेला बोट लावू नका, बोटाचंही तेल उमटतं.

पुसून लावायचं कोटिंग एका दमात, एकाच दिशेने ओढायचं. वरून सुरू करा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग पट्टा, पुढचा पट्टा आधीच्यावर किंचित चढवून. सुकू लागलेल्या भागावर मागे फिरून हात मारला की रेघा उमटतात. एखादी जागा सुटली तर सुटू द्या, बाटलीवर दिलेल्या वेळाने दुसरा हात देताना ती झाकली जाईल. धूळ बसू नये म्हणून जवळपास झाडू, पंखा काही नको.

टू-केसाठी जाणार असाल तर १००० नंतर काच धुवून, वाळवून थेट पेंटरकडे न्या. डॅशबोर्ड पॉलिश लावलेला फडका वाटेत काचेला लागू देऊ नका. त्यातल्या सिलिकॉनमुळे क्लिअर जागोजागी फाकतो आणि गोल खळगे पडतात. पेंटर त्याला फिश आय म्हणतात.

जे सुचवलं जातं, पण करू नये

टूथपेस्ट: ती अतिशय सौम्य पॉलिश आहे. हलका धूसरपणा जातो, थर देत नाही, दोन आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न.

डासांचं क्रीम किंवा स्प्रे: चमत्कार दिसतो, कारण त्यातलं डीट प्लास्टिकचा वरचा भाग विरघळवतं. थोड्याच दिवसांत काच चिकट आणि अधिक धूसर होते.

पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर: पॉलिकार्बोनेटला चिरा पाडतात. पेंटरकडचा पोऱ्या सवयीने थिनरचा बोळा फिरवायला येईल, त्याला आधीच सांगा.

फर्निचरचं मेलामाईन: ऊन अडवत नाही, स्वतःच पिवळं पडतं.

९. उजेडाची उंची

काच धूसर असताना नीट दिसत नाही म्हणून अनेकांनी दिवे वर उचलून घेतलेले असतात. स्वच्छ काचेतून तोच उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. त्या दिवशीच तपासा.

सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर, चालक बसलेला, डॅशबोर्डवरची दिव्यांची उंची बदलणारी चकती शून्यावर. काचेच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर टेप लावा. हाय बीम नव्हे, लो बीम लावा. उजेडाची वरची सपाट कड त्या टेपच्या साधारण ५ सेमी खाली यायला हवी. आपल्याकडे डावीकडून चालतात, म्हणून ती कड डाव्या बाजूला वर चढते. तो दोष नाही. फरक असेल तर दिव्यामागचा स्क्रू थोडा थोडा फिरवा.

पंधरा वर्षांनी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना तपासणीत दिवेही बघतात. त्या तारखेच्या आठवडाभर आधी हे सगळं उरकलेलं बरं.

१०. पुढे

पहिले २४ तास पाणी नाही, आठवडाभर शाम्पू नाही. नंतर महत्त्वाचं एकच: सोसायटीत रोज गाडी पुसणारे काका ज्या फडक्याने चाकं पुसतात, त्याच कोरड्या फडक्याने दिवेही पुसतात. आपण दिलेला थर कारखान्याच्या थराएवढा कडक नसतो, रोजच्या धुळीच्या घासण्याने तो आधी जातो. त्यांना दिव्यांसाठी वेगळा ओला फडका द्या.

दर दोन-तीन महिन्यांनी काचेवर पाणी शिंपडून बघा, विशेषतः वरच्या कडेला. पाण्याचे थेंब गोल उभे राहत असतील तर थर शाबूत आहे. पाणी पसरून चिकटत असेल तर तो संपत आलाय. पिवळेपणा दिसायच्या आत पकडलं तर ८०० पासून उकरावं लागत नाही. २००० आणि ३००० चा एकेक हात, कंपाऊंड, अल्कोहोलचा फडका आणि नवं कोटिंग, तासाभराचं काम. गाडीच्या एका बाजूला भिंत असेल, तर उघड्या बाजूचा दिवा दुसऱ्याच्या आधी जाईल. त्या वेळी तेवढा एकच करा.